करवतीचा कौल

"देव बोलना नाय," धाकू गुरव म्हणाला आणि कंबरेवर हात ठेवून नारळाकडे बघत राहिला.

रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर एका बाकड्यावर राखाडी रंगाची करवतीची मशीन घरघरत होती. मशीनच्या टेबलावर चुंबळ, चुंबळीवर नारळ आणि नारळाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या दोन ओल्या पाकळ्या. पाकळ्या पडायचं नाव घेत नव्हत्या. शेजारच्या बाकड्यावर दुसरी, लाल मशीन होती. तिच्यावर मघाशी देव जरा जास्तच बोलला होता.

मी खांबाला टेकून दात-ओठ खात उभी होते. करवत विकत घ्यायला निघालेल्या माणसांवर अशी पाळी येते, हे कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आणि हा सगळा खटाटोप होता अप्पांच्या उजव्या हातासाठी.

अप्पा म्हणजे माझे वडील, विश्राम मेस्त्री. नाव विश्राम, पण हा माणूस रिकामा बसलेला कोणी बघितला नव्हता. त्या वर्षी देवाच्या पालखीची चारही बाजूंची जाळी वाळवीनं खाल्ली आणि गावानं नवी जाळी करायचं काम अप्पांना सांगितलं. वेली, पोपट, मधे मधे बोटभर भोकं, असलं नाजूक काम. कार्तिकातल्या जत्रेआधी व्हायला हवं होतं. आणि अप्पांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता.

घरात यावर कोणी अवाक्षर काढत नसे. आईनं त्यांची आमटी वाटीत वाढायचं बंद करून सरळ भातावर ओतायला सुरुवात केली होती. अप्पा पेन्सिलीनं सरळ रेघ मारायचे आणि ती समुद्रकिनाऱ्यासारखी निघायची. मग ते लाकडालाच शिव्या द्यायचे. मी नक्षी काढून द्यायचे, ते कापायचे, अशी आमची वाटणी होती. ती चालू राहावी एवढंच मला हवं होतं. बाहेर ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही, असा आमचा समज होता. गावाला कळलं तर पालखी दुसऱ्याकडे जाईल, आणि पालखी गेली तर अप्पा पुन्हा पटाशी हातात धरणार नाहीत, ही माझी धास्ती होती. त्यात आमचे मानकरी, जिवाजी परब, अधूनमधून दारावर येऊन विचारायचे, "काय मेस्त्री, जमतला मां?" मी पुढे होऊन होय म्हणायचे.

अप्पांना त्या दिवसांत वेगळीच चिंता होती.

"गाव चिकट झालो गो, शेवंते," एकदा परबांकडून आल्या आल्या ते म्हणाले. "चाय म्हणान अर्दो कप देतत. परबाकडे अर्दो, गुरवाकडे अर्दो, सोसायटीत गेलंय तर थंयसरव अर्दो."

"साखर वाचयतत," मी म्हटलं.

"पयली भरान वतायचे. बशीत सांडायची."

मी नक्षीचा कागद पुढे ओढला.

हातकरवतीनं जाळी कापायची तर मनगट हवेत राहतं. मशीनवर तसं नाही. तिचं पातं सुईसारखं वरखाली होतं, आणि आपण दोन्ही पंजे टेबलावर सपाट ठेवून फळी सरकवायची. कोल्हापूरला मामाच्या कारखान्यात मी ते बघितलं होतं. पंजे टेकले की थरथरायला जागाच उरत नाही. अट एकच, मशीन स्वतः थरथरता कामा नये. तिची परीक्षाही मामानं दाखवली होती. चालू मशीनच्या टेबलावर नाणं उभं करायचं. पडलं तर मशीन दुकानदाराकडेच शोभते.

"लाकूड शिवची मशीन?" अप्पा म्हणाले. "कित्याक? माजे हात मोडले हत काय?"

"मी खंय तसा म्हणतंय? देवाक विचारा."

हे मी मुद्दाम म्हटलं. आमच्या घरात कौल लावल्याशिवाय कुत्रंही पाळलेलं नव्हतं. देवाच्या दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी आर्ट्सला गेले ती उजव्या पाकळीमुळे. अप्पांनी चष्मा घ्यावा का, हेही विचारून झालं होतं. देव होय म्हणाला, म्हणून त्यांनी त्याच दिवशी बाजारात जाऊन मिळाला तो चष्मा घातला आणि महिनाभर उंबऱ्याला ठेचकाळत फिरले. नंबराचं देवाला कोणी विचारलंच नव्हतं.

मशीनला उजवा कौल मिळाला. मी अप्पांना घेऊन तडक कुडाळला पेडणेकरांच्या दुकानात गेले. पेडणेकर हा गोड बोलून समोरच्याला खुर्चीत रुतवणारा माणूस. त्याच्याकडे दोन मशिनी होत्या. राखाडी, बिडाची, दोन माणसांनी उचलावी अशी. आणि लाल, हलकी, तिला छोटा दिवा, भुसा उडवायला फुंकणी. लाल मशीन काचेपाशी इतके दिवस पडून होती की उन्हाकडची बाजू गुलाबी झाली होती.

"मेस्त्रीकाका, ही लाल म्हणजे अगदी ताजं मॉडेल," पेडणेकर म्हणाला.

मी दोन्ही चालू करायला लावल्या आणि नाणं काढलं. राखाडीवर ते उभं राहिलं. लालवर ते आडवं झालं, घरंगळलं आणि कपाटाखाली गेलं. बहुधा अजून तिथेच असेल.

"झाला," मी म्हटलं. "राखाडी."

"नाण्याक काय कळता?" अप्पा म्हणाले. "पैशाचाच ता, दुकानदाराच्या बाजूनच बोलतला. देवाक विचारूया."

अशा रीतीनं दोन्ही मशिनी टेंपोत घालून पेडणेकरासकट देवळात आल्या.

आता, देव दगडाचा आणि गाभाऱ्यात. दोन मशिनींपैकी कुठली, हे त्याला विचारायचं कसं? परब मानकरी म्हणून खांबापाशी मांडी घालून बसले होते, त्यांनाही सुचेना. शेवटी धाकू म्हणाला, "देव हलवक येना नाय. पण देवाचो नारळ हलवक येता. देवासमोरचो नारळ मशीनीर ठेवूया. तेकाच पाकळयो लावूया. ज्या मशीनीर देव बोलात, ती घेवची."

सगळ्यांना हे एकदम पटलं. पेडणेकराला तर इतकं पटलं की त्यानं स्वतः दोन्ही मशिनींची पाती काढून ठेवली. देवळात विजेचं बटण एकच, लाऊडस्पीकरचं, गाभाऱ्याच्या चौकटीला. म्हणून बाकडी अगदी उंबऱ्याशी लागली.

धाकूनं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"आज ह्यो तुजो विश्राम मेस्त्री तुज्या पालखीच्या जाळयेसाठी मशीन घेवक उबो रवलो हा."

"होय म्हाराजा."

"खंयची मशीन बरी ता तूच दाखव. आणि ह्या कुडाळच्या दुकानदाराच्या मनात काय वाकडा-तिकडा आसात, तर ता सरळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," पेडणेकरही म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

पहिली पाळी लालची. बटण दाबलं, दिवा लागला, फुंकणी फुरफुरली. दोन्ही पाकळ्या एकाच वेळी उडाल्या. देव थांबेना. नारळ चुंबळीसकट उजवीकडे सरकला, मग डावीकडे, मग स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि टेबलाच्या कडेवरून खाली, थेट परबांच्या मांडीत जाऊन पडला. परब मिशा असलेले, सहसा न हसणारे गृहस्थ. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून बसले. त्यांना लागलं होतं, पण देवाला ते कसं सांगणार?

"माज्याकडे कित्याक इलो?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

"मानकरी तू. दुसऱ्या कोणाकडे जातलो?" धाकूनं हात जोडले. "माज्या बापाशीच्या वेळेपासना देवाक चलताना कोणी बघूक नाय."

मग राखाडीची पाळी. नारळ, चुंबळ, पाकळ्या, बटण. मशीन घरघरत राहिली आणि नारळ ढिम्म. आम्ही उभ्याचे बसलो. पाकळ्या आता वाळून चिकटल्या असाव्यात. धाकूनं गाऱ्हाणं दुसऱ्यांदा घातलं, तेव्हाचा होकार पहिल्यापेक्षा बराच बारीक आला. आणि मग तो म्हणाला, देव बोलना नाय.

"अहो, ती हलत नाही म्हणून पाकळी पडत नाही," न राहवून मी पेडणेकराला म्हटलं. "तोच तर तिचा गुण. तुम्ही धंद्यातले, तुम्ही तरी सांगा."

"ताई, मी धंद्यातला," पेडणेकर हात जोडून म्हणाला, "पण देवापुढे मी कोण?"

"धाकूकाका, मशीनच हलूक नाय, तर पाकळी कशी पडतली?"

धाकूनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "मगे देवान बोलूचा कसा?" तो म्हणाला.

जी मशीन जास्त वाईट तिच्यावर देव जास्त बोलणार, असा हा न्याय होता. लालपेक्षा वाईट मशीन आणली असती तर नारळ कुडाळपर्यंत चालत गेला असता.

अप्पा उठले. देवाला नमस्कार केला. "देवान सांगल्यान ता चुकना नाय. लाल घेवया."

मला रडू आवरेना. त्या खुळखुळ्यावर त्यांच्याकडून एक पान धड कापलं जाणार नव्हतं. मशीनची थरथर आणि हाताची थरथर मिळून सागवानाची वाट लागणार आणि सगळ्या गावाला कळणार. आणि हे सगळं मीच देवाक विचारा, देवाक विचारा करून घडवून आणलं होतं.

"थांब," परब म्हणाले. नारळ अजून त्यांच्या मांडीवरच होता. "घेवच्या आदी चालवन तरी बघ. हयसरच."

"नको," मी म्हटलं. "घरी बघूया."

"घरी कित्याक? देवासमोर होवंदेत."

पेडणेकरानं लाल मशीनला पातं चढवलं. एक फणसाची फळी आणली. मी तिच्यावर पेन्सिलीनं एक पाकळी काढून दिली, दुसरं काही सुचलं नाही. अप्पा बाकड्यासमोर बसले. मशीन चालू झाली. फळी टेबलावर ताशा वाजवल्यासारखी वाजू लागली, पातं रेघ सोडून पळालं, अप्पांचे हात फळीसकट नाचत होते. मशीन किती आणि हात किती, मला तरी सांगता येत नव्हतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

मशीन बंद झाली. मग परब मोठ्यानं म्हणाले, "मशीन हलता."

"होय. मशीनच हलता," धाकू लगेच म्हणाला.

"हात नाय. मशीन," परब पुन्हा म्हणाले आणि पेडणेकराकडे असे बघू लागले की पेडणेकरही म्हणाला, "थोडंसं हलतं खरं. नवीन आहे ना."

मला हायसं वाटलं. सुटलो, कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मी मनात म्हटलं. परब आणि धाकू, दोघांच्याही डोळ्यांना कमी दिसतं, याबद्दल मी रवळनाथाचे आभारसुद्धा मानले.

"आता ती दुसरी," परब म्हणाले.

"तिच्यार देव बोलूक नाय," अप्पा म्हणाले.

"बोलूक नाय म्हणजे नको म्हणूक नाय," धाकू म्हणाला. "बस."

राखाडीला पातं लागलं. अप्पांनी फळी फिरवून कोरी बाजू घेतली, मी तीच पाकळी पुन्हा काढली. देवाकडे तोंड करून ते बसले. दोन्ही पंजे टेबलावर, फळीच्या दोन बाजूंना, सपाट टेकवले. बिडाचं गार टेबल. मशीन सुरू झाली आणि मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो हात वर्षभरात पहिल्यांदा स्वस्थ होता.

अप्पांनाही ते कळलं. कारण त्यांनी लगेच फळी सरकवली नाही. मशीन चालू ठेवून ते नुसते पंजे टेकून बसून राहिले. पेडणेकराला वाटलं, ते पातं कुठून घालायचं विसरले. तो सांगायला पुढे झाला, तर परबांनी त्याचा सदरा धरून मागे ओढला.

मग अप्पांनी कापलं. पातं रेघेवरून गेलं, पाकळीच्या टोकाशी वळलं, परत आलं. भुशाची एक बारीक ओळ टेबलावर पडली. पाकळी सुटली तशी त्यांनी फळी पुढे लोटली आणि ती लाकडी पाकळी कडेवरून खाली घरंगळली.

"डावीकडे पडली," पेडणेकर पटकन म्हणाला. लाल मशीन परत काचेत जाणार हे त्याला दिसत होतं. "म्हणजे नको ना? डावा कौल."

धाकू गुरवानं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू तो देवळात चपला घालून आला होता.

"तुज्या डाव्यान," तो म्हणाला. "देव खंय बघता? आमच्याकडे. मगे तेचो उजवो खंयचो?"

पेडणेकरानं एकदा देवाकडे बघितलं, एकदा आपल्या हातांकडे, मनातल्या मनात वळून बघितलं आणि मान खाली घातली. परबांनी पाकळी उचलून देवासमोर ठेवली.

"उजवो कौल," धाकू म्हणाला. "होय म्हाराजा?"

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

लाल मशीन त्याच टेंपोतून परत गेली. पुढे कळलं की पेडणेकरानं ती महिन्याभरात विकली. गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं होतं की हिच्यावर प्रत्यक्ष रवळनाथ चालला आहे. खोटं म्हणता आलं नसतं.

राखाडी मशीन आमच्या पडवीत आली आणि पावसाळाभर घरघरली. अप्पा दोन्ही पंजे टेकून बसायचे आणि जेवायला हाका मारल्या तरी उठायचे नाहीत. वेली झाल्या, पोपट झाले. एक पोपट जरा मिशाळ झाला होता, परबांसारखा. तो मी मुद्दाम तसाच काढला होता. जत्रेच्या आधी पालखी देवळात पोचली. सगळा गाव बघायला आला. बायका जाळीवरून बोटं फिरवत होत्या आणि अप्पा उगाच आकाशाकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी परबांनी आम्हाला चहाला बोलावलं. पुरुष ओटीवर बसले. मी आत परबकाकींना मदत करायला गेले. काकींनी किटली माझ्या हातात दिली, मी कप मांडून चहा ओतला. आज तरी अप्पांना मनासारखा चहा मिळू दे म्हणून त्यांचा कप मी काठोकाठ भरला.

काकी आल्या. त्यांनी माझ्याकडे न बघता तो कप उचलला आणि अर्धा चहा किटलीत परत ओतला.

"मेस्त्रीभावजींका अर्दोच," त्या म्हणाल्या.

"काकी, आज तरी भरान देवा," मी म्हटलं. मला खरोखर राग आला होता. एवढी पालखी करून दिली आणि हिला चहाची पडली आहे.

"भरलो काय सांडता, गो. मगे तेंका बरा वाटना नाय." त्यांनी कपाचा काठ पदरानं पुसला. "ह्येंनी गेल्या वरसाच सगळ्यांका सांगल्यानी. अर्दो देवचो, दोनदा देवचो."

मी किटली खाली ठेवली.

"सगळ्यांका म्हणजे?"

"सगळ्यांका. गुरवाकडे, सोसायटीत. गुरव तेंका तीर्थव थोडाच घालता, बघूक नाय तू?"

"म्हणजे गावात कोणाकोणाक ठावक आसा?"

"कोणाक नाय?" काकी म्हणाल्या. "बिस्किटा घे ती."

मशीन हलता. हात नाय, मशीन. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. बिस्किटांची ताटली काकी स्वतःच घेऊन गेल्या.

मी चहा बाहेर नेला. अप्पांनी कपात डोकावून बघितलं.

"जिवाजी," ते म्हणाले, "पालखी झाली तरी तुमच्याकडची चाय काय वाढाक नाय."

"साखर म्हाग झाली मेस्त्री," परब मिशीतही न हसता म्हणाले. अप्पांचा कप रिकामा झाला तसा त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मी आत गेले आणि अर्धा कप भरून आणला.

घरी येताना अप्पा पुढे, मी मागे. उजवा हात त्यांनी पाठीमागे डाव्या हातात धरला होता.

"बघलस?" ते म्हणाले. "देवाची पालखी केली, तरी अर्दो कप. गाव चिकट झालो गो, शेवंते."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.